काळी, पांढरी आणि कातळ : घराच्या दराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आला आहे: ‘अमक्या गावी चौरस फुटाला इतका दर, मग आमच्याकडे इतका का?’ चौरस फुटाचा दर ही सोयीची गोष्ट आहे, पण तो ऐकून घराचा अंदाज बांधणे म्हणजे भाताचा भाव विचारून जेवणाचा खर्च काढणे. खाली जमीन कोणती, माल किती लांबून येणार, पाऊस किती आणि समोरचा रस्ता किती रुंद, या चार गोष्टी कळल्याशिवाय दराला अर्थ नाही. पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : पुण्यात मेहुण्याने १,००० चौरस फुटांचे एकमजली घर फुटाला १,९०० रुपयांनी ठेकेदाराला दिले. आमच्याकडे तसल्याच घराला २,३०० सांगतात. चिरा तर इथेच निघतो! मग महाग का? आणि चिरा घ्यावा की वीट? (लांजा, जि. रत्नागिरी)

चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापीव ठोकळा, स्वस्त पडतो हे खरे. पण घर म्हणजे नुसती भिंत नव्हे. आधी भिंतीचाच हिशोब करू. तुमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद आणि ७ उंच असतो. ९ इंची भिंतीला १०० चौरस फुटांमागे, म्हणजे एका ब्रासला, सांधे धरून १३० ते १३५ चिरे लागतात. त्याच भिंतीला विटा ९०० च्या आसपास. सांधे कमी म्हणून माल कमी: चिऱ्याच्या एक ब्रास भिंतीला साडेसात घनफूट मसाला पुरतो, विटेच्या भिंतीला १८-१९ घनफूट. १:६ च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मसाल्यात सिमेंट मोजले तर चिऱ्याला सव्वा पोते आणि विटेला जवळजवळ तीन. गवंड्याचा हातही चिऱ्यावर लवकर चालतो. शिवाय सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, घर असेल तर दोन-तीन फुटांवर कातळ लागतो, पाया तिथेच संपतो. तेव्हा भिंत आणि पाया दोन्ही पुण्यापेक्षा स्वस्त.

आता उलटी बाजू. १,००० फुटांच्या घराला दारे-खिडक्या वजा जाता १९ ब्रास भिंत धरा, म्हणजे सुमारे २,५०० चिरे. एक चिरा २५ ते ३० किलोचा, म्हणजे ७० टन माल. दहा टनी गाडीच्या सात खेपा. चिरेखाण पंधरा किलोमीटरवर असेल तर हे परवडते. हाच चिरा आंबा घाट चढून कोल्हापूरला गेला की शोभेची वस्तू होतो, कारण तिथे चिऱ्यापेक्षा डिझेलचे पैसे जास्त. जड आणि स्वस्त माल लांब जात नाही, हा बांधकामाचा जुना नियम. सिमेंट आणि लोखंडाला मात्र तुम्हाला लांबच पाहावे लागते. सिमेंटच्या चुनखडीच्या मोठ्या खाणी चंद्रपूर-यवतमाळकडे आणि कर्नाटकात कलबुर्गी-बागलकोटकडे आहेत, आणि सळईच्या गिरण्यांचे मोठे ठाणे जालना. सगळे घाट उतरून येते.

खरा फरक पडतो तो छपराने. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुणे शहरात सातशे-साडेसातशे. पुण्यात सपाट स्लॅब, वर वॉटरप्रूफिंग, काम संपले. तुमच्याकडे सपाट स्लॅब घातला तर तीन-चार पावसांत त्यावर पत्र्याची शेड येतेच. कोकणातल्या कुठल्याही गावात फिरा, नवी घरे एकावर एक दोन छपरे घालून उभी दिसतील. ठेकेदाराच्या २,३०० मध्ये ही शेड धरली आहे का, हे पहिले विचारा. धरली असेल तर दर वाजवी आहे. नसेल तर घासाघीस करा. स्लॅबच्या हौसेपेक्षा उतरते छप्पर, खाली हलकी छत आणि भिंतीपासून निदान अडीच फूट पुढे आलेली पागोळी हे केव्हाही शहाणपणाचे. पागोळी आखूड ठेवली की पश्चिमेची भिंत पावसाळाभर भिजते, जांभा पाणी पितो आणि आतला रंग पोपडे धरतो.

तिसरे कारण, कामाचे दिवस. जून ते सप्टेंबर काम जवळजवळ बंद. बाहेरगावचे गवंडी-बिगारी गावी जातात आणि सेंटरिंगचे सामान (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) तुमच्या भाड्यावर पडून राहते. ठेकेदार हे चार महिने दरात बसवतो. दिवाळीनंतर लगेच पाया धरला आणि मे महिन्याच्या मध्यापूर्वी छप्पर चढले, तर दर खाली आणता येतो. मे संपताना चिऱ्यालाही मागणी असते, खाणी पावसात बंद राहणार असतात, आणि भाव त्याच सुमारास चढतो. चिरे फेब्रुवारीतच आणून रचून ठेवा. नुकता काढलेला जांभा मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो; चार-सहा आठवडे तरी उघड्यावर वाळू द्या.

चिरा पारखायचा असा: दुसऱ्या चिऱ्यावर आपटला तर खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर बाजूला काढा. पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या मोठ्या गाठी असलेला घेऊ नका, तिथेच तो उन्हा-पावसात पोकळ होतो. शंका असेल तर पूर्ण वाळलेला एक चिरा वजन करून २४ तास पाण्यात बुडवा. भारतीय मानकाप्रमाणे १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायला नको. २८ किलोचा चिरा भिजून साडेएकतीसच्या वर गेला, तर त्या खाणीचा माल नको.

लांजा किनाऱ्यापासून आत आहे, म्हणून खाऱ्या वाऱ्याचा खर्च तुम्हाला नाही. समुद्रालगत बांधणाऱ्यांना तो आहे. खुल्या किनारी हवेतल्या काँक्रीटला मानकात निदान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. घाटावर कोरड्या हवेत एम-२० आणि २० मिलिमीटर चालते. गणपतीपुळ्याला घाटावरच्या नकाशावर घर बांधले की दहा वर्षांत बीमखालचे पोपडे सुटून सळई दिसू लागते, ती यामुळेच. आणि सड्यावरच्या स्वस्त पायाचा आनंद विहिरीच्या वेळी उतरतो, एवढेही लक्षात ठेवा. खाली खाचराजवळ पाणी वर असते, पण पाया खोल जातो. एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने जाते.

प्रश्न : नवीन लेआउटमध्ये प्लॉट घेतला आहे. सगळी काळी जमीन. शेजारच्या चार वर्षांच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा आहेत. ठेकेदार म्हणतो, ‘पाच फूट पाया घेऊ, काही होत नाही.’ (परभणी)

पाच फुटांवर काय लागते ते आधी पाहा, मग ‘काही होत नाही’ म्हणा. आपल्या जुन्या गावांची भाषा याबाबत फार नेमकी होती: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. गावठाण उंचवट्यावर, पांढऱ्या मातीवर किंवा मुरमावर असे. काळीत कोणी घर बांधत नसे. आता लेआउट कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतावर पडतात आणि प्लॉट गावठाणापेक्षा स्वस्त म्हणून विकले जातात. तो स्वस्तपणा पायात परत वसूल होतो.

काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात जातो, तीच हालचाल घराखाली होते. घराच्या मधोमध माती सारखी ओलसर राहते, कडेची मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते; म्हणून कोपरे वर-खाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. शेजाऱ्यांना विचारा: भेग उन्हाळ्यात रुंद आणि श्रावणात बारीक होत असेल, तर दोष गवंड्याचा नाही, मातीचा आहे.

माती किती फुगणारी आहे हे कळायला साधी चाचणी आहे. पायाच्या खोलीवरची माती भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत. एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी. २४ तासांनी पाहा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १२ आणि पाण्यात २१ मिलिलिटर दिसली, तर फरक ९, म्हणजे फुगवटा ७५ टक्के. ५० च्या खाली असेल तर चिंता कमी. ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर जास्त. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माती प्रयोगशाळांत हे करून मिळते, आणि खर्च एका खिडकीच्या ग्रीलपेक्षा कमी असतो.

मग प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या. तीन शक्यता आहेत.

सहा-सात फुटांत मुरूम लागला तर सगळे खड्डे मुरमात निदान एक फूट नेऊन तिथेच फुटिंग (खांबाखालची रुंद काँक्रीटची बैठक) घ्या. पाच फुटांवर काळीतच थांबलेला पाया हा सर्वांत वाईट: खर्च केला आणि उपयोग शून्य. कडेला भराव मुरमाचा घाला, निघालेली काळी परत ढकलू नका. जोत्यातही काळी नको. ‘माती आहेच इथे’ म्हणून जोत्यात काळी भरली जाते आणि मग फरशी उचलते. असली घरे परभणी-हिंगोलीत पोत्याने सापडतील.

काळी दहा फुटांपलीकडे असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, तळाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खास आपल्या काळ्या मातीसाठी बसवलेली ही पद्धत आहे. हाताच्या ऑगरने (जमिनीत भोक घेण्याच्या गिरमिटाने) ३० सेंटिमीटरचे भोक निदान साडेतीन मीटर खोल घ्यायचे आणि तळाशी विशिष्ट कटरने ७५ सेंटिमीटरचा फुगा कोरायचा. वरची माती फुगली तरी हा फुगा पाइलला खालच्या स्थिर थरात धरून ठेवतो. एका पाइलला काँक्रीट साधारण एक तृतीयांश घनमीटर, आणि १२ मिलिमीटरच्या चार सळया व कड्या मिळून १७-१८ किलो लोखंड. सळई पूर्ण खोलीपर्यंत हवी, कारण माती पाइलला वर ओढते. छोट्या घराला वीस पाइल धरले तर साडेसहा घनमीटर काँक्रीट, ५० ते ५५ पोती सिमेंट आणि साडेतीनशे किलो लोखंड. ही वाढ फुटाच्या दरात कोणी सांगत नाही; ‘पाया जादा झाल्यास वेगळा’ अशी एक ओळ करारात शेवटी असते, ती वाचा.

यात चुकते कुठे? फुगा नीट कोरला की नाही हे कोणी तपासत नाही. टोकाला वाकवलेली सळई आत सोडून चारी बाजूंनी फिरवली की अंदाज येतो. उभे राहून हे करून घ्या. भोक घेतल्या दिवशीच काँक्रीट भरा, रात्रभर ठेवले तर फुगा ढासळतो. आणि सर्वांत जास्त होणारी चूक: पाइलवरच्या बीमखाली निदान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची असते, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकणार नाही. गवंड्याला ती पोकळी बघवत नाही, तो तिथे माती ठासून भरतो. मग पाइलचा सगळा खर्च पाण्यात.

तिसरी शक्यता, मधली खोली. तिथे पायाखालची दोन-तीन फूट काळी काढून न फुगणारा चिकट मुरूम पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून, रोलर फिरवून भरतात. नुसता दगडगोट्यांचा भराव करू नका, त्यातून पाणी सरळ खालच्या काळीपर्यंत पोचते.

घर झाल्यावर चारी बाजूंनी चार-पाच फुटांची उतरती फरसबंदी आणि पन्हळीचे पाणी नळाने लांब सोडणे, हे कुठल्याही पायाइतकेच महत्त्वाचे. भिंतीलगत बादाम किंवा निलगिरी लावू नका. शेजाऱ्यांच्या भेगांवरही पहिला उपाय हाच आहे. लांबी-पुट्टीचे पैसे त्यांनी दोन पावसाळे राखून ठेवावेत.

प्रश्न : वाळू ब्रासने घेतो, दर वेळी कमी भरते. मोजायची कशी? (पंढरपूर)

वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची फुटांत मोजून गुणा. ढिगाचे टोक नव्हे, वाळू सपाट करून उंची घ्या. तुमची तूट बहुधा ओलाव्यातली आहे. पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळू २५-३० टक्के फुगते. ओलसर ट्रॉलीत १०० घनफूट दिसले तर कोरडी वाळू ७५-८० च भरते. गंमत म्हणजे पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा कोरड्याइतकीच बसते. म्हणून उंच काचेच्या बरणीत ओली वाळू भरून उंची मोजा, मग ती काढून बरणी अर्धी पाण्याने भरा, वाळू परत सोडा, ढवळा आणि पुन्हा मोजा. जितकी खाली बसली तितकी हवा तुम्ही विकत घेतलीत.

गाळही त्याच बरणीत कळतो: वाळू, पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांवर गेला तर गाडी परत. क्रश सँडला (दगड दळून केलेल्या वाळूला) नाक मुरडण्याचे दिवस गेले. फक्त धुतलेली घ्या, नाहीतर भुकटी सिमेंट खाते.

प्रश्न : लातुरात ज्या पैशांत प्लॉटसह बंगला होतो, त्यात पुण्यात हडपसरच्या पुढे दोन खोल्या. सिमेंट-लोखंड तर दोन्हीकडे एकाच भावाचे! (पुणे, मूळ गाव लातूर)

बरोबर, आणि तिथेच उत्तर आहे. बांधकामाचा खर्च दोन्ही गावांत फार तर दीडपट वेगळा असेल: लिफ्ट, पार्किंगचे मजले, अग्निशमन यंत्रणा. बाकी सगळी जमीन आहे. पण जमीन किती महाग यापेक्षा ती किती मजल्यांत वाटली जाते, ते पाहा.

मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांना २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १.१ मिळतो आणि तेवढ्यावरच थांबावे लागते. १२ ते १५ मीटर रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क) धरून २.२५ पर्यंत जाता येते. अ‍ॅन्सिलरी एफएसआय (जिने, बाल्कनीसारख्या भागांसाठीचा जादा) वेगळा. समजा जमीन फुटाला ८,००० रुपये आहे. गल्लीतल्या प्लॉटवर बांधलेल्या प्रत्येक फुटावर जमिनीचा बोजा सुमारे ७,२७० रुपये. रुंद रस्त्यावर तोच ३,५५५, त्यात टीडीआर-प्रीमियमची किंमत मिळवायची. म्हणून गल्लीतली चार मजली इमारत साधी असूनही महाग आणि हमरस्त्यावरचा मनोरा लिफ्टसकट त्याच्या बरोबरीत. अर्थात जमीनमालकालाही हे गणित येते, म्हणून रुंद रस्त्यावर तो ८,००० ला विकत नाही. एफएसआय वाढला की घरे स्वस्त होतील असे दरवेळी सांगितले जाते. वाढलेला एफएसआय आधी जमिनीच्या भावात शिरतो.

लातूरला तुम्ही स्वतःच्या प्लॉटवर एक मजला बांधता, जमिनीचा भाव कमी, बांधकाम हाच मोठा खर्च. त्यामुळे तिथे सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला त्याचा फायदा थेट तुमच्या खिशाला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो शोधावा लागेल.

आता वरचा खर्च. पुण्यात मुद्रांक शुल्क एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रोचे अधिभार धरून ७ टक्के, केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास ६. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० वर थांबते. ६० लाखांच्या फ्लॅटवर ४ लाख २० हजार अधिक ३०,०००. पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास ६०,००० वाचतात. शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारी बाजारमूल्य दर), यांत जे जास्त असेल त्यावर. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो नाही. किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का. ही ४५ लाखांची रेषा २०१९ पासून मुंबई आणि लातूर दोघांना सारखीच आहे. फक्त चटईक्षेत्राची मर्यादा मुंबई महानगरात ६० चौरस मीटर आणि पुण्यासकट इतरत्र ९०. लातुरात ४५ लाखांत ऐसपैस घर ‘परवडणारे’ ठरते, आणि मुंबईत त्या किमतीत मिळालेच तर ते कुठे मिळेल हे लोकलच्या नकाशावर शेवटून शोधावे.

प्रश्न : घरकुल मंजूर झाले आहे. इतक्या पैशांत स्लॅबचे घर होत नाही असे गवंडी म्हणतो. (भामरागड तालुका, जि. गडचिरोली)

गवंडी खोटे बोलत नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त आराखड्यातल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार देते. गडचिरोली दुसऱ्या गटात. वर शौचालयाचे १२,०००, रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी, आणि राज्याने २०२५ मध्ये जाहीर केलेली ५०,००० ची भर. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. स्लॅबच्या घराचा ठोकताळा फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो लोखंड. म्हणजे १०८ पोती आणि जवळजवळ एक टन सळई. बारामतीत हा माल दुकानातून दारात येतो. तुमच्याकडे तो आलापल्लीच्या पुढे आणायचा, आणि प्रत्येक पोत्यावर वाटेचा खर्च चढतो. दहा हजारांचा फरक त्या वाटेपुढे काहीच नाही.

म्हणून स्लॅबचा हट्ट सोडा. पक्की भिंत, जोत्यावर एक आणि खिडकीच्या डोक्यावर एक असे काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत एकेक उभी सळई, वर लोखंडी नळ्यांवर जाड पत्रा. पट्ट्यांना आणि कोपऱ्यांना मिळून शंभर-सव्वाशे किलो लोखंड पुरते, सिमेंट निम्म्यावर येते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांची छत लावा, मे सुसह्य होईल. फ्लाय अ‍ॅशच्या विटा चंद्रपूरकडे वीजकेंद्रामुळे स्वस्त, पण तुमच्यापर्यंत दीड-दोनशे किलोमीटर आल्यावर गावच्या भाजलेल्या विटेलाच हरतात.

वेळ मात्र चुकवू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते. हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो, आणि जोते जूनमध्ये अडकले तर पुढचा हप्ता दिवाळीपर्यंत लांबतो. जोते जानेवारीत उरकेल असे पाहा. सिमेंट साठवायचे झाल्यास जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा थरांपेक्षा उंच नाही. तीन महिने दमट हवेत पडलेले सिमेंट आपली पाचवा हिस्सा ताकद गमावून बसते.

प्रश्न : वाड्याचे माळवद तसेच ठेवून खाली राहावे का? (औसा तालुका, जि. लातूर)

माळवद म्हणजे लाकडांवरचे मातीचे सपाट छप्पर; आधी त्याचे वजन करा. दरवर्षी माती टाकून थर दीड फुटांवर गेला असेल, तर १२ बाय १५ च्या खोलीवर २७० घनफूट माती, घनफुटाला ४५ किलो धरले तरी १२ टन. तेवढ्याच खोलीचा पाच इंची स्लॅब साडेपाच टनांच्या आत भरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसे दगावली ती बहुतेक अशाच मातीखाली आणि दोन पदरी दगडी भिंतींखाली. त्या भिंतींच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, मध्ये नुसता चुरा.

राहायचे असेल तर माती चार-सहा इंचांवर आणा किंवा काढून पत्रा घाला. भिंतीला दोन फूट उंचीमागे आणि चार फूट लांबीमागे एक असे साडेसात सेंटिमीटरचे आरपार भोक पाडा, दोन्ही टोकांना आकडे केलेली ८ मिलिमीटरची सळई घाला आणि काँक्रीट भरा. भोक पाडताना पहार आपटू नका, दगड हाताने हलवून काढा. भिंत फुगलेली दिसत असेल तर हे करू नका. ती उतरवून पुन्हा बांधावी लागेल.

प्रश्न : सावंतवाडी-दोडामार्गकडे जमीन घ्यायची आहे. मोपा विमानतळानंतर भाव रोज चढतात असे दलाल सांगतात. (शारजा)

भाव चढले आहेत, पण कुठल्या जमिनीचे ते दलाल सांगत नाही. उत्तर गोव्यातल्या मोप्याहून विमाने जानेवारी २०२३ पासून उडू लागली. किंमत चढली ती गोव्याच्या सीमेजवळच्या, रस्त्याला लागून असलेल्या बिनशेती तुकड्यांची. आतल्या वरकसाला (हलक्या डोंगरउताराच्या जमिनीला) तोच भाव लावणे म्हणजे सड्याला मळ्याचे पैसे देणे.

तुमच्यापुढची पहिली अडचण कायद्याची. अनिवासी भारतीयाला परकीय चलन कायद्याने शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. राज्याच्या कूळकायद्याचे कलम ६३ तर देशात राहणाऱ्या बिगरशेतकऱ्यालाही शेतजमिनीपासून अडवते. ‘भावाच्या नावावर घेऊ’ हा सल्ला ऐकू नका, पैसे तुमचे आणि जमीन त्याची होईल. तुम्हाला बिनशेती प्लॉट किंवा तयार घर घेता येते. सीमेपलीकडे गोव्यानेही २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले आहेत, त्यामुळे तिकडे सरकूनही सुटका नाही.

दुसरी अडचण सातबाऱ्यावरची. कोकणात एका गटावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात. निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसांची नोंद नाही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय घेतलेला हिस्सा म्हणजे न मोजलेल्या जमिनीवरचा हक्क. विसार देण्यापूर्वी तीस वर्षांचे फेरफार, ‘इतर हक्क’ रकान्यातले कूळ आणि शासकीय मोजणीचा नकाशा हवा.

त्यानंतर जागेवर माणूस पाठवून चार मापे घ्या: गाडीरस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बागेतून वहिवाटीने, विजेचा खांब किती मीटरवर, शेजारच्या विहिरीला एप्रिलअखेर पाणी किती हात, आणि हद्दीवरचा गडगा (दगडी कुंपण) मोजणीच्या खुणांवर आहे की आत-बाहेर. गडगा दोन फूट आत आणि ६० फूट लांब असेल तर १२० चौरस फूट जागेचे पैसे जातात, आणि गडगा हलवताना शेजारी. वाट वहिवाटीची असेल तर तिची नोंद असलेला कागद मागा. तो मिळत नाही तोवर विसार देऊ नका, भाव कितीही चढोत.